झाकणावरची वेल

"ताई, शनिवारी तुम्ही ते देवाचं गाणार ना, उभं राहून? त्यात एक वाक्य माझ्या आईसाठी घाला."

हागोप स्वयंपाकघराच्या दारातच उभा होता. अंगात डेअरीतले पांढरे कपडे, त्यांना तो नेहमीचा आंबूस-गोड वास. आमच्या मंडळातल्या मुलांचं ऐकून तोही मला ताईच म्हणायचा, वयाने माझ्याहून मोठा असून. मी तव्यावर पोळी टाकली होती.

"कुठलं वाक्य?"

"की नाव म्हणजे वरचं साल. आतला गर तोच असला की झालं. माझं ती ऐकत नाही. आमच्या पाद्रीबाबांचंही ऐकलं नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही गाऊन सांगता."

"आणि मी नाही घातलं तर?"

"तर सोमवारी दुकानवाला हात हलवत परत जाईल, आणि थंडी पडायच्या आत आमची डेअरी बंद होईल."

हे तो रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. हळू म्हणाला, आणि टोपी डोक्यावर ठेवून जिना उतरून गेला. माझी पोळी करपली.

ही गोष्ट बॉस्टनजवळच्या वॉटरटाउनची. फार वर्षांपूर्वीची, तेव्हा माझे केस काळे होते आणि आम्ही दोघं एका आर्मेनियन घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली घरमालकीणबाई आराक्सी, तिचा मुलगा हागोप, सून, आणि मागच्या अंगणात त्यांची छोटी डेअरी. डेअरी म्हणजे काय, दोन मोठी भांडी, एक भट्टी आणि काचेच्या बाटल्यांच्या चळती. तिथे एकच वस्तू व्हायची. तिला ते म्हणायचे मादझून. चमच्याने कापावं असं घट्ट, किंचित आंबट, वर सायीचा पिवळसर पापुद्रा. मी पहिला घास खाल्ला आणि मला राजापूरचं आमचं शिंकाळं आठवलं. दहीच हो ते! फक्त त्याचं बारसं दुसऱ्या देशात झालेलं.

आमची ओळखही दह्यानेच झाली. नव्याने राहायला आलो तेव्हा विरजण मागायला वाटी घेऊन मी खाली गेले, तर बाईंनी माझ्या वाटीकडे पाहिलं, खिडकीतून आभाळाकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः वर आली, वाटीभर मादझून घेऊन. "दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर देत नाहीत. घराची बरकत जाते," असं तिने मोडक्या इंग्रजीत आणि पुष्कळशा हातवाऱ्यांत सांगितलं. मी हसतच सुटले. माझी आई तिन्हीसांजेला विरजण मागणाऱ्या शेजारणीला याच कारणासाठी परत पाठवायची. तेव्हापासून आमचं जमलं. मी तिला दिगीन म्हणायची, म्हणजे त्यांच्यातलं 'बाई', मानाने म्हणायचं. ती मला होकीस म्हणायची. माझा जीव.

आमच्या मंडळाला कीर्तनासाठी जागाही तिनेच मिळवून दिली. त्यांच्या चर्चखालचा हॉल. वडील माझे हरदास. त्यांच्यामागे झांज घेऊन उभी राहत मी वाढले, म्हणून परदेशात मंडळातल्या बायकांनी मलाच पुढे ढकललं. दिगीन दर वेळी पहिल्या रांगेत येऊन बसायची. मराठी एक अक्षर कळायचं नाही, मी मध्ये मध्ये इंग्रजीत सार सांगायची तेवढंच. पण ती डोळे मिटून डोलायची. "आमच्याकडेही देवाशी बोलतात ते गाऊनच," म्हणायची. "नुसतं बोललेलं त्याला ऐकू जात नसावं. म्हातारा झालाय."

त्या हॉलच्या दारावर लाकडात कोरलेली एक सुंदर वेल होती. आकडे, वळणं, मध्येच एखादं गोल फळ. एकदा मी तिची तारीफ केली, तर दिगीन पोट धरून हसली. "अगं वेल कसली? ती आमची अक्षरं आहेत! 'हे दार उघडं आहे' असं लिहिलंय. दोन वर्षं वेलीखालून जातेयस होय?" पुढे महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हे सांगत होती.

तर आता हा नावाचा पेच. मोठ्या दुकानांची साखळी होती एक. हागोपचा माल त्यांना पसंत पडला होता, गावोगावच्या दुकानांत ठेवायला तयार होते. अट एकच. बाटलीऐवजी कप, आणि कपावर ठळक इंग्रजीत 'योगर्ट'. मादझून हा शब्द अमेरिकन माणसाला औषधासारखा वाटतो, असं त्यांच्या माणसाचं म्हणणं. घरोघर बाटल्या पोचवायचा धंदा तर संपतच आला होता. जुनी गिऱ्हाइकं म्हातारी होऊन एकेक करून जात होती.

आणि दिगीन म्हणत होती, नाव जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेअरीत गेले. कोमट दुधाच्या भांड्यावर दिगीन वाकलेली होती. कालचं विरजण तिने आधी वाटीत घोटलं, मग हात कोपरापर्यंत दुधात घालून हळूहळू ढवळायला लागली. ओठ हलत होते. हे मी अनेकदा पाहिलं होतं. काही प्रार्थना असेल म्हणून कधी विचारलं नव्हतं. तिचं पुरं होईपर्यंत थांबले.

"दिगीन, हागोप काळजीत आहे."

"त्याने तुला पाठवलं."

"पाठवलं नाही. पण खोटं कशाला बोलू, बोलला माझ्याशी."

"त्याला सांग, कप कर, डबा कर, सोन्याचा घडा कर. नाव राहील."

"योगर्ट शब्द तुर्की, म्हणून का?" हागोपचं तसंच म्हणणं होतं, आणि सगळ्या गल्लीचंही. दिगीन लहानपणी तुर्कस्तानातल्या आर्मेनियनांच्या ज्या हकालपट्टीतून वाचली होती, तिच्याबद्दल कुणी तिच्यासमोर बोलत नसे.

तिने हात बाहेर काढला, फडक्याला पुसला. "शब्दाशी माझं भांडण नाही, होकीस. आम्हाला दोन दिवस माळ्यावर लपवलं ती शेजारीण तुर्कच होती. देव तिचं भलं करो." मग भांड्यावर घोंगडी टाकून चारी बाजूंनी खोचत म्हणाली, "जा आता. याला हलवायचं नाही. बोलण्यानेसुद्धा हलतं ते."

पुढचे दिवस माझ्या जिवाला थारा नव्हता. माझं कीर्तन गोकुळाष्टमीनंतरचं, काल्याचं. निरूपणाला विषय कुठला, तर नाम! मंडळाने महिनाभर आधी ठरवलेला. म्हणजे नारदाच्या गादीवर उभं राहून पूर्वरंगात सांगायचं, नाम आणि नामी एकच, नाम सोडलं तर हाती काही उरत नाही. आणि उत्तररंगात सांगायचं, नाव म्हणजे वरचं साल. हे कुठल्या तोंडाने? आणि न सांगावं तर खालच्या अंगणातली भट्टी विझते. हागोपच्या बायकोचे दिवस भरत आले होते. मी भाजी चिरताना थांबायची, कपडे वाळत घालताना थांबायची. आख्यान निवडायची, सोडायची, परत निवडायची.

"तू येरझारा घालू नकोस, खालच्यांचं दही मोडेल," हे म्हणाले. आमचे हे नकाशे काढायच्या कचेरीत होते आणि माझ्या कीर्तनाला तबल्यावर. "एवढं काय त्यात? तू देवाला इंग्रजी नावाने हाक मारून बघ. आला तर हागोप खरा, नाही आला तर म्हातारी खरी."

"तुम्हाला थट्टा सुचते."

"थट्टा नाही. ऑफिसात मला सगळे डिग म्हणतात. डिग म्हणजे खणणे. मी ओ देतो की."

"ओ देता. पण आईने डिग म्हणून हाक मारली असती तर?"

तबल्याची वादी ओढता ओढता त्यांचा हात थांबला. "आईने कशाला मारली असती," म्हणाले, आणि उठून गेले.

शनिवारी दुपारी हॉल भरला. आपली तीस-चाळीस माणसं, चारदोन गोरे शेजारी, मागे भिंतीला टेकून हागोप. पहिल्या रांगेत काळा पोशाख घातलेली दिगीन. तिच्या पायाशी मोठं पातेलं, फडक्याने झाकलेलं. काल्याचं दही दर वर्षी तीच द्यायची.

पूर्वरंग झाला. कसा झाला मला आठवत नाही. बुक्का लागला, हार पडला, गजर झाला आणि मी आख्यान उचललं. गवळणीचं घेतलं होतं. वडील सांगायचे ते.

"गोकुळातली एक गवळण," मी सांगू लागले. "पहाटे उठली, दही घुसळलं नाही, तसंच मडक्यात भरलं, डोईवर घेतलं आणि निघाली मथुरेच्या बाजाराला. पण मन कुठे? मन त्या सावळ्यापाशी. बाजारात उभी राहिली आणि ओरडली. काय ओरडायचं होतं? दही घ्या हो दही! आणि तोंडातून काय आलं? गोविंद घ्या हो, गोविंद! कुणी माधव घ्या, कुणी दामोदर घ्या!"

तबला चढला. मी झांज धरून दोन पावलं पुढे, दोन मागे, गवळण झाले, मथुरेचा वाणी झाले. वाणी डोळे बारीक करून विचारतो, काय गं, तुझ्या मडक्यात गोविंद आहे का? शेर काय भाव? माणसं हसली. मग इंग्रजीत सार सांगायला थांबले, आणि मागे भिंतीशी हागोप मला दिसला. टोपी हातात. मी त्याचं वाक्य घातलं. म्हटलं, "लोक हसले, पण दही घरी घेऊन गेले. ती काहीही म्हणो, विकलं गेलं ते दहीच. नावाने त्याची चव..."

"नाही."

दिगीन उभी राहिली होती. कीर्तनात मध्येच कुणी उठत नाही. तबला थांबला.

"ती विकत नव्हती," ती मला म्हणाली. "तू नीट सांगितलं नाहीस. ती विकायला आलीच नव्हती. ती हाका मारत होती." आणि मग, एकदम लहान मुलीसारख्या आवाजात, "तो आला का?"

वडिलांच्या आख्यानात मडकं रिकामं होतं, गवळण तल्लीन होते, आणि आरती सुरू होते. तो आला की नाही हे कुणी विचारलंच नव्हतं.

"ठाऊक नाही, दिगीन," मी म्हटलं. "तिने हाक थांबवली नाही, एवढं ठाऊक आहे."

दिगीनने मान हलवली, जणू हेच तिला ऐकायचं होतं. आणि ती आपल्या भाषेत बोलू लागली, माझ्याकडे तोंड करून, पण कुणाकडेच न बघता. हागोप मागून पुढे आला आणि आम्हाला इंग्रजीत सांगू लागला.

"ती म्हणते, आमच्या घरात विरजण लावताना बायका नावं घ्यायच्या. ज्यांच्या हातून ते आलं त्यांची. नाझेलीकडून मरियमकडे, मरियमकडून झारुहीकडे. दूध आहेस, मादझून हो. रोज. झारुही म्हणजे तिची आई. माझी आजी." तो थांबला, तिने पुढचं बोलेपर्यंत. "वाटेत आई गेली. ती अनाथाश्रमात आली तेव्हा तिला बापाचं नाव सांगता येईना, गावाचं सांगता येईना. चार वर्षांची होती. ती नुसती पाण्याच्या डब्यात हात घालून ढवळायची आणि हे म्हणायची. तिची आत्या मुलं शोधत तिथे आली. तिने ते ऐकलं आणि म्हणाली, हे आमच्या स्वयंपाकघरातलं आहे. म्हणून ती सापडली."

दिगीन बोलतच होती. पण हागोप आता सांगत नव्हता. त्याचं तोंड उघडं होतं आणि तो आईकडे नुसता बघत होता.

"हागोप, काय म्हणतात त्या?" ह्यांनी तबल्यामागून विचारलं.

"एक बहीण होती," हागोप म्हणाला. "शुशान. दोन वर्षांची. वाटेत एका विहिरीवर कुणी बाई पाणी भरत होती, आजीने शुशानला तिच्या हातात दिलं. जगावी म्हणून." त्याने टोपीने तोंड पुसलं. "मला हे माहीत नव्हतं. मी चाळीशीला आलो. मला मावशी आहे हे माहीत नव्हतं."

मग दिगीन स्वतःच इंग्रजीत बोलली, मोडकं, एकेक शब्द ठेवत. "दोन वर्षांचं पोर. बापाचं नाव, त्याला नाही माहीत. गाव, नाही माहीत. काय खाल्लं, ते माहीत. मादझून माहीत. आमच्यातली पुष्कळ पोरं मागून गोळा केली, जहाजाने इकडे आणली. मी आले. तीही आली असेल. एखाद्या दिवशी दुकानात जाईल, बाटली बघेल." ती हागोपकडे वळली. "तुझ्या त्या माणसाने दिलेलं नाव बाटलीवर टाकलंस, की मी गप्प झाले, हागोप जान. मग ती कशी येणार?"

मला पुढचं आख्यान सांगता आलं नाही. मी सरळ गोपालकृष्णाचा गजर उचलला, सगळे उभे राहिले, आणि तो कधी नव्हे इतका वेळ चालला. मग काला. पोहे, लाह्या, मिरची, आणि वर दिगीनच्या पातेल्यातलं ते घट्ट पांढरं. ती आपल्या हाताने कालवत होती आणि तिचे ओठ हलत होते. या वेळी ती काय म्हणतेय ते सगळ्यांना ठाऊक होतं. हागोप तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि त्याने हात पातेल्यात घातला.

रविवारी तो वर आला. डोळे सुजलेले. "उद्या त्याला नाही म्हणून सांगतो," म्हणाला. "डेअरी बंद तर बंद. मी पाव पोचवायची गाडी चालवीन."

"आणि मग तुझ्या आईची बाटली कोण पाहणार?" हे म्हणाले.

मी कपबशा मांडत होते. खिडकीतून समोरच्या चर्चखालच्या हॉलचं ते दार दिसायचं, आणि खरंच सांगते, त्या क्षणीही मला ती आधी वेलच दिसली. मग अक्षरं.

"हागोप," मी म्हटलं, "त्या माणसाला तुमची अक्षरं वाचता येतात का?"

"त्याला? मुळीच नाही."

"मला दोन वर्षं ती वेल वाटली होती."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग ह्यांच्याकडे. हे चहा तसाच ठेवून उठले आणि आतून नकाशाचा कागद, कंपास आणि शाईची लेखणी घेऊन आले. "वर्तुळ किती मोठं हवं?" एवढंच विचारलं.

दिगीनला वर बोलावलं. ती विरजणाची नावं सांगत होती, हागोप अक्षरं काढून दाखवत होता, आणि हे ती झाकणाच्या कडेने गोल गोल वळवत होते. मधल्या जागेत ठळक इंग्रजीत योगर्ट. दिगीनने ते पाहिलं, बोट कडेवरून फिरवत वाचलं. "हाक राहिली, मग मध्ये काहीही असू दे," म्हणाली. "शुशान वाचेल का?" हागोपने विचारलं.

"अनाथाश्रमात आली असली तर वाचेल," दिगीन म्हणाली. "मला बोटांवर पट्टी मारून शिकवलंय. तिला काय सोडलं असेल?"

सोमवारी तो माणूस आला. मी वरच्या खिडकीत उभी होते. कानांत प्राण आणून ऐकत होते म्हणा ना. त्याने झाकण उन्हात धरलं, फिरवलं. "हे छान आहे," म्हणाला. "कडेला काय, द्राक्षाची वेल का?"

"हो," हागोप म्हणाला. "आमच्याकडची आहे."

त्या थंडीत डेअरी बंद पडली नाही. पुढच्या वर्षी तिला मोठी जागा घ्यावी लागली. पाच राज्यांतल्या दुकानांत फ्रीजच्या काचेमागे दिगीनची नावं रांगेने उभी राहिली. एवढ्या लांबवर तिचा आवाज कधीच पोचला नव्हता. आणि ती? ती अधिकच अस्वस्थ झाली. आता फोन वाजला की पीठ लागलेल्या हाताने धावायची. दारावर कुणी अनोळखी बाई उभी राहिली की आधी तिचं वय डोळ्यांनी मोजायची. आम्ही तिथून हललो तेव्हा मला जवळ घेऊन म्हणाली, "होकीस, तू जाशील तिथल्या दुकानात बघ. झाकणाची बाजू वर करून ठेवतात ना."

मी बघते. गावं बदलली, हे गेले, मी लेकीकडे न्यू जर्सीला आले, पण सवय गेली नाही. दुकानात उपडे पडलेले कप सुलटे करते. लेक म्हणते, "आई, तू इथे कामाला आहेस का?"

दिगीन गेल्याचं हागोपने कळवलं, त्यालाही आता काही वर्षं झाली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी असाच एक कप उचलला आणि हात थबकला. वेल बदलली होती. एक नाव वाढलं होतं. मला एवढी अक्षरं तोवर ओळखता यायला लागली होती. नाझेली, मरियम, झारुही, आराक्सी. आणि आराक्सीनंतर वर्तुळ पुरं न होता तुटलं होतं. बोटभर जागा कोरी. त्यापुढे परत नाझेलीपासून सुरुवात.

घरी येऊन हागोपला फोन लावला. त्याचाही आवाज आता म्हाताऱ्याचा झालाय.

"हागोप, झाकण छापताना चूक झालीय. शेवटी कोरं राहिलंय बघ."

"चूक नाही, ताई," तो म्हणाला. मागे भांडी धुतल्याचा आवाज येत होता. "मोजून सोडलंय. शुशान तेवढ्यात बसतं."